शिवजन्माची तिथि आणि शाळेंतला निबंध

हल्लीं माध्यमिक शाळांतून विद्यार्थ्यांकडून ‘प्रकल्प’ लिहून घेण्याची चाल पडली आहे. इतिहासांतील एखादें प्रकरण निवडावें, त्याविषयीं माहिती जमवावी, ती आपल्या शब्दांत मांडावी आणि शेवटीं ती कोठून घेतली हें नमूद करावें, असा या कामाचा सामान्य क्रम असतो. हेतु उत्तम आहे. परंतु या वह्यांचें शेवटचें पान उघडून पाहिलें असतां तेथें बहुधा एकच शब्द लिहिलेला आढळतो, तो म्हणजे ‘इंटरनेट’. क्वचित् ‘गूगल’ असें नांव असतें. हें उत्तर खोटें नव्हे. पण तें उत्तरच नव्हे. कापड कोठून आणलें असें विचारल्यावर ‘बाजारांतून’ म्हणणारा मनुष्य जेवढें सांगतो, तेवढेंच हा विद्यार्थी सांगतो. कोणत्या दुकानांतून आणलें आणि कोणी विणलें हें कळल्यावांचून कापडाची पारख होत नाहीं. माहितीचेंही तसेंच आहे.

दोष एकट्या मुलांचा नाहीं. कोणता आधार चालेल व कोणता चालणार नाहीं, हें त्यांस क्वचितच कोणी समजावून सांगतें. कित्येक शिक्षक ‘इंटरनेटवरचें कांहीं घेऊं नका’ असा सरसकट निषेध करतात, तर कित्येक पालक ‘सगळें तेथें मिळतें’ म्हणून मुलाच्या हातीं मोबाइल देऊन मोकळे होतात. दोघेही या प्रश्नास अगदीं नवा प्रश्न समजतात. वास्तविक कोणता पुरावा ग्राह्य धरावा आणि तो वाचकापुढें कसा ठेवावा, हा विचार महाराष्ट्रांत दीडशें वर्षें चालू आहे. त्या विचाराचा इतिहास घरोघरीं ठाऊक असता, तर आजच्या पेचाचें निम्मे उत्तर आपल्यापाशीं आयतेंच असतें. म्हणून प्रथम त्या इतिहासाकडे वळूं.

निराधार कांहीं लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथानें कित्येक शतकांपूर्वीं केली होती. तेव्हां आधार देण्याची बुद्धि आम्हांस परक्यांनीं शिकविली असें म्हणतां येत नाहीं. परंतु राजकीय इतिहासाच्या बाबतींत ही शिस्त आमच्याकडे उशिरां आली. साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफ यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास तीन भागांत प्रसिद्ध केला. आपण कोणत्या हस्तलिखिताचा आधार घेतला हें तो तळटीपांतून पुष्कळदां सांगतो. त्या ग्रंथांतील मतें आम्हांस पटोत वा न पटोत, त्याच्या तळटीपांमुळेंच त्याची तपासणी करणें पुढच्यांस शक्य झालें. १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण लेखकानें ‘विविधज्ञानविस्तारां’त डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, ती याच वाटेनें. जो लेखक आपला आधार सांगतो, तो आपल्यावर टीका करण्याचें साधनही वाचकाच्या हातीं देतो. आधार सांगण्यांतील प्रामाणिकपणा तो हाच.

पुढें १८७८ सालीं काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या प्रयत्नानें ‘काव्येतिहाससंग्रह’ निघूं लागला आणि जुन्या बखरी छापून बाहेर आल्या. बखर हा गोड ग्रंथ आहे. तिची भाषा ठसकेबाज असते, तींत प्रसंग डोळ्यांपुढें उभे राहतात. पण बहुतेक बखरी प्रसंग घडून गेल्यावर बऱ्याच काळानें, कोणाच्या तरी आज्ञेनें किंवा कोणाच्या तरी गौरवासाठीं लिहिल्या गेल्या. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली. वाईस हातीं लागलेल्या दप्तरांतून १७५० ते १७६१ या काळांतील, म्हणजे पानिपतच्या संग्रामापर्यंतचीं पत्रें त्यांनीं या खंडांत छापलीं. मोहिमेवर असलेल्या माणसांनीं त्या त्या दिवशीं लिहिलेलीं हीं पत्रें एका बाजूस आणि मागाहून रचलेल्या बखरी दुसऱ्या बाजूस ठेवून राजवाड्यांनीं प्रस्तावनेंत बखरींच्या चुका दाखविल्या. मुक्काम निराळे, तिथ्या निराळ्या, माणसेंही कधीं कधीं निराळीं! पुढें या मालेचे एकंदर बावीस खंड निघाले, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें.

या सर्व खटपटींतून जो नियम निघाला तो थोडक्यांत असा कीं, प्रसंगाच्या जवळचा कागद दूरच्या कागदाहून श्रेष्ठ. आणि ज्याचा लेखक, काळ व ठावठिकाणा सांगतां येतो तो कागद निनांवी कागदाहून श्रेष्ठ. राजवाड्यांच्या खंडांतील प्रत्येक पत्रास ‘लेखांक’ दिलेला आहे. खंड व लेखांक सांगितला कीं नागपूरचा अथवा बडोद्याचा वाचक घरबसल्या तेंच पत्र काढून पाहूं शकतो. आज संकेतस्थळाचा पत्ता देऊन आपण जें साधूं पाहतों, तेंच काम हा लेखांक शंभराहून अधिक वर्षें करीत आला आहे.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. तें महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास परिचित आहे आणि कोणत्याही शालेय निबंधांत तें येण्यासारखें आहे. शिवाजी महाराजांचा जन्म केव्हां झाला? इंटरनेटवर हा प्रश्न घातला असतां बहुतेक ठिकाणीं १६३० हें साल मिळतें, पण १६२७ सांगणारीं पानेंही मिळतात. विद्यार्थी काय करतो? जें पान पहिल्यानें दिसलें तें घेतो, किंवा पानें मोजून बहुमताप्रमाणें निकाल देतो. पहिला मार्ग आळसाचा आहे, दुसरा सभेचा आहे; इतिहासाचा दोहोंपैकीं एकही नाहीं.

१६२७ या सालाची कथा पाहा. मल्हार रामराव चिटणीस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लिहिलेल्या बखरींत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथि आहे. ग्रँट डफनेंही १६२७ हेंच साल दिलें, आणि त्याच्या साधनांत चिटणिसांची बखर होतीच. त्यानंतर मराठी व इंग्रजी पुस्तकांतून, शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून हें साल पिढ्यान् पिढ्या छापलें गेलें. पुस्तकें मोजलीं तर पुराव्यांचा डोंगर दिसावा. परंतु मुळाकडे गेलें तर महाराजांच्या जन्मानंतर पावणेदोनशें वर्षांनीं झालेल्या लिखाणापर्यंतच आपण पोहोंचतों. एकाच विहिरीचें पाणी शंभर घागरींत भरलें म्हणून विहिरी शंभर होत नाहींत.

आतां १६३० चा पक्ष पाहा. भोरजवळील कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. तींत शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडींच्या नोंदी असून शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही शिवजन्माची तिथि दिली आहे. लोकमान्य टिळकांनीं ही शकावली मिळवून १९१६ सालीं प्रसिद्धीस आणली. तिच्यावर पुष्कळ वाद झाला, आणि तो होणें योग्यच होतें; कारण पिढ्यांनीं मानलेलें साल एका कागदावरून कोण सोडील? परंतु पुढें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ हें संस्कृत काव्य तंजावर येथें मिळालें आणि सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ सालीं तें छापलें. परमानंद हा महाराजांच्याच काळचा कवि. त्यानेंही तीच तिथि सांगितली आहे. शिवाय जोधपूरच्या एका जुन्या ज्योतिषसंग्रहांत महाराजांची जन्मपत्रिका आढळली, तीही संशोधकांच्या मतें याच तिथीस अनुकूल ठरली. मावळांतल्या देशमुखाच्या घरची मराठी टिपणें, दक्षिणेंतील तंजावरचें संस्कृत काव्य आणि राजपुतान्यांतील पत्रिका! या तिघांनीं एकमेकांचें पाहून लिहिलें असें मानण्यास जागा नाहीं. तिघांची साक्ष जुळली म्हणून १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक संशोधकांनीं स्वीकारला आणि आज सरकारी शिवजयंती त्याच तारखेस साजरी होते.

येथें आणखी एक बारकावा आहे. १९ फेब्रुवारी ही तारीख इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या, म्हणजे ज्यूलियन गणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो, कारण सतराव्या शतकांत या दोन गणनांत दहा दिवसांचें अंतर होतें. एखाद्या परदेशी संकेतस्थळावर १ मार्च वाचून विद्यार्थ्यानें ‘चूक’ असा शेरा मारला, तर तो शेराच चुकीचा होईल. दोन आधारांत फरक दिसला कीं त्यांपैकीं एक खोटाच, असें नसतें. कधीं कधीं दोघे एकच गोष्ट दोन मापांनीं सांगत असतात.

या एका तिथीच्या वादांतून विद्यार्थ्यानें विचारावयाचे चार प्रश्न आपोआप निघतात. हें कोणी सांगितलें? प्रसंगापासून किती काळानें सांगितलें? त्यानें स्वतः पाहिलें, कीं दुसऱ्याचें ऐकून वा वाचून लिहिलें? आणि त्याच्याशीं संबंध नसलेला दुसरा कोणी तेंच सांगतो काय? या चार प्रश्नांस जो आधार बऱ्यापैकीं उत्तर देतो तो घ्यावा. मग तो ताडपत्रावर असो, छापील पानावर असो कीं मोबाइलच्या कांचेवर असो.

हें शेवटचें वाक्य आम्ही मुद्दाम लिहितों. ‘छापील तेवढें खरें, इंटरनेटवरील तेवढें खोटें’ असें समजणाऱ्यांनीं १६२७ हें साल किती छापील पुस्तकांत होतें याचा विचार करावा. छापखाना हा सत्याचा जामीन नाहीं, आणि इंटरनेट हा असत्याचा कारखाना नाहीं. इंटरनेट म्हणजे एक अफाट वाडा आहे. त्यांत दप्तरखाना आहे, ग्रंथालय आहे, चावडी आहे आणि पारावरच्या गप्पाही आहेत. वाड्यांत शिरलों एवढ्यानें भागत नाहीं. कोणत्या दालनांत आहों हें ओळखलें पाहिजे.

पहिलें दालन जुन्या ग्रंथांच्या छायाप्रतींचें. १९९६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांच्या संग्रहांत जुनीं मराठी पुस्तकें पानापानाचीं छायाचित्रें घेऊन ठेवलेलीं सांपडतात. जीं पुस्तकें पाहण्यास पूर्वीं पुण्यामुंबईच्या ग्रंथालयांत खेपा घालाव्या लागत, तीं आज तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या मुलीसही उघडतां येतात. हें केवढें भाग्य आहे! अशा प्रतीचा आधार म्हणजे त्या पुस्तकाचाच आधार. तेव्हां लेखक, पुस्तकाचें नांव, प्रकाशनाचें साल आणि छापील पानाचा आंकडा द्यावा. पडद्यावर दिसणारा पृष्ठांक मुखपृष्ठापासून मोजलेला असल्यामुळें छापील पृष्ठांकाशीं बहुधा जुळत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरें दालन ज्ञानकोशांचें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आज हा कोश इंटरनेटवर खुला आहे. ज्या वाईस राजवाड्यांना पानिपतचीं पत्रें मिळालीं, तेथेंच हें कार्य व्हावें हा एक सुंदर योग होय. विश्वकोशांतील नोंदींखालीं लेखकाचें नांव असतें व पुष्कळदां संदर्भग्रंथही दिलेले असतात. म्हणून विद्यार्थ्यास आरंभ करण्यास याहून चांगली जागा थोडीच सांपडेल. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा १९२० ते १९२९ या वर्षांत निघालेला ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ही आज इंटरनेटवर वाचतां येतो. मात्र तो वाचतांना तें ज्ञान शंभर वर्षांपूर्वींचें आहे, हें विसरूं नये. पान नवें दिसलें तरी मजकूर जुनाच असतो. सरकारी गॅझेटियरांचेंही असेंच. पुणें जिल्ह्याचा जुना गॅझेटियर १८८५ सालीं छापला व त्यांतील लोकसंख्येचे आंकडे १८८१ च्या खानेसुमारीचे आहेत. ते आंकडे साल न लिहितां उतरून काढणारा विद्यार्थी खऱ्या आधारावरून खोटें विधान करील.

तिसरें दालन विकिपीडियाचें. हा कोश २००१ सालीं इंग्रजींत व २००३ सालीं मराठींत सुरू झाला. त्यांत कोणीही लिहूं शकतो, म्हणून कित्येक शाळा त्यास अस्पृश्य मानतात. आमचें मत निराळें आहे. विकिपीडिया हा मुक्काम नव्हे, पण वाटाड्या चांगला आहे. त्याच्या नियमांप्रमाणें प्रत्येक विधानास बाहेरचा आधार हवा आणि स्वतः विकिपीडियाचा आधार चालत नाहीं. तेव्हां लेखाच्या तळाशीं दिलेले संदर्भ पाहावे, ते उघडून वाचावे आणि आधार त्यांचा द्यावा. जेथें संदर्भच नाहीं तें वाक्य सोडून द्यावें. शिवाय ‘इतिहास’ या सदराखालीं त्या लेखांत कोणी केव्हां काय बदललें याची नोंद असते. ही सोय कोणत्याही बखरींत नव्हती!

चौथें दालन चावडीचें. ज्या पानावर लेखकाचें नांव नाहीं, तारीख नाहीं, आधार नाहीं, आणि जो मजकूर मोबाइलवर एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जातो, त्याची योग्यता ऐकीव गोष्टीएवढीच. ती गोष्ट खरीही असेल. पण निबंधांत तिला स्थान नाहीं.

पांचवें दालन अगदीं नवें आहे. प्रश्न विचारला असतां सफाईदार गद्यांत उत्तर रचून देणारीं यंत्रें २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हातीं आलीं. हीं यंत्रें उपयुक्त आहेत; अवघड उतारा सोपा करून सांगतात, कोठें शोधावें हें सुचवितात. परंतु तीं कधीं कधीं अस्तित्वांत नसलेलीं पुस्तकें व निवाडेही तितक्याच आत्मविश्वासानें सांगतात. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत कांहीं वकिलांनीं अशा यंत्रानें सांगितलेल्या खटल्यांचे दाखले आपल्या अर्जांत दिले. ते खटले कधीं झालेच नव्हते. हे खटले खरे आहेत काय, असें यंत्रासच विचारलें असतां त्यानें ‘होय’ म्हणून सांगितलें होतें! न्यायालयानें पांच हजार डॉलर दंड ठोठावला. साक्षीदाराची सत्यता त्याच साक्षीदारास विचारून ठरत नाहीं, हा धडा शाळकरी मुलानेंही घ्यावा. यंत्रानें सांगितलेलें पुस्तक स्वतः उघडून पाहिल्यावांचून त्याचें नांव वहींत लिहूं नये.

आतां आधार लिहावा कसा, याविषयीं थोडें. याच्या नाना पद्धति आहेत आणि स्वल्पविराम कोठें द्यावा यावर विद्वानांचे जाडे ग्रंथ आहेत. शाळेच्या कामास तेवढा कर्मठपणा नको. लेखक कोण, लेखाचें वा पुस्तकाचें नांव काय, तें कोणत्या संस्थेनें केव्हां प्रसिद्ध केलें, कोणत्या पानावर आहे, आणि इंटरनेटवर पाहिलें असल्यास पत्ता काय व कोणत्या दिवशीं पाहिलें, एवढें सांगितलें म्हणजे झालें. पाहिल्याचा दिवस कां, असें मुलें विचारतात. छापलेलें पान बदलत नाहीं. इंटरनेटवरील पान रात्रींतून बदलतें किंवा नाहींसें होतें. इंटरनेट आर्काइव्हनें २००१ पासून जुन्या पानांच्या प्रति लोकांस खुल्या केल्या आहेत, त्यांत तें पान पुढेंमागें शोधावयाचें झालें तर दिवस ठाऊक असलेला बरा.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र निराळाच आहे. जें पाहिलें त्याचेंच नांव लिहावें. विश्वकोशांत वाचलेल्या जेधे शकावलीच्या उल्लेखावरून ‘आधार: जेधे शकावली’ असें लिहिणें म्हणजे न पाहिलेल्या कागदाची साक्ष काढणें होय. ‘जेधे शकावली; विश्वकोशांतील उल्लेखावरून’ असें लिहावें. त्यांत कमीपणा नाहीं. उलट, आपली पायरी ओळखून बोलणाऱ्याचा शब्द अधिक वजनदार ठरतो.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पंधरा वर्षांच्या मुलास राजवाडे करावयाचें काय, असें कोणी म्हणेल. तसें कांहीं करावयाचें नाहीं. वीस आधारांची जंत्री मागण्यापेक्षां तीनच आधार मागावे, पण त्या प्रत्येकापुढें ‘हा मी कां मानला’ हें दोन ओळींत लिहावयास सांगावें. त्या दोन ओळी उतरून काढतां येत नाहींत; त्यांसाठीं विचारच करावा लागतो. शिक्षकांस वह्या तपासण्यासही याहून सोपी कसोटी नाहीं.

आणि हा प्रश्न केवळ गुणांचाही नाहीं. आपल्या प्रांतांत इतिहास हा घरगुती विषय आहे. जन्मतिथ्यांवरून, किल्ल्यांवरून, कोणाच्या पूर्वजांनीं काय केलें यावरून येथें माणसें हमरीतुमरीवर येतात. अशा वादांत आवाज चढविण्याऐवजीं ‘हें कोठें लिहिलें आहे, तें दाखवा’ एवढें शांतपणें विचारणारीं माणसें समाजांत जितकीं अधिक, तितका तो समाज फसविण्यास अवघड. जेध्यांच्या शकावलीवर वर्षानुवर्षें वाद झाला, पण निकाल लागला तो कागद पुढें ठेवून. तंजावरच्या व जोधपूरच्या जुन्या संग्रहांत शोध घेणाऱ्या त्या संशोधकांपाशीं आजच्या मुलाच्या मोबाइलइतकें साधन नव्हतें. पण मूळ कोठें आहे हें विचारण्याची खोड होती. साधन आपण मुलांच्या हातीं दिलेलेंच आहे. ती खोड लावण्याचें काम घरचें आणि शाळेचें आहे.